वर्लिनच्या पिस्तुलातलं धुराडं

पिस्तूल पुन्हा अडकलं आणि वर्लिन स्ट्रँडने शिवी घातली नाही. त्याच्या बायकोने, मार्लिसने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकलं, म्हणजे खरं तर ऐकलं नाही, आणि तिला काळजी वाटली. नुसता चिडला की वर्लिन तोंड सोडायचा. गप्प बसला की समजावं, गडी आतून हादरलाय.

कुरणाच्या टोकाला मातीचा उंच बांध होता, त्यावर नेम धरून तो तीन आठवडे झगडत होता. चौथी नाहीतर पाचवी गोळी झाली की रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या मागंपुढं सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, तोंडात उभीच्या उभी अडकायची. इथले, मोंटानातले नेमबाज त्याला धुराडं म्हणतात, आणि ते दिसतंही तसंच.

चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावरची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस हा. दोन हिवाळे गॅरेजमध्ये बसून त्याने हे पिस्तूल स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. शनिवारी क्लबात एका हाताने नेम धरायची स्पर्धा होती आणि घरी बनवलेल्या पिस्तुलांसाठी नियम साधा होता: तीनदा अडकलं की बाहेर. क्लबातला जो तो आपलं बिघडलेलं हत्यार घेऊन वर्लिनच्याच दारात यायचा. त्याचंच सगळ्यांसमोर अडकलं तर काय शोभा राहणार होती!

गोळ्या भरायची मॅगझीन बदलून झाली. तीन प्रकारची काडतुसं झाली. स्प्रिंग नवी घातली. शेवटच्या खिळीपर्यंत सगळं सुटं करून, पुसून, पुन्हा जोडून झालं. धुराडं कायम.

"दे इकडं," मार्लिस कुरणात येऊन म्हणाली. रुबार्ब-पाय नावाच्या गोड पदार्थाचं पीठ तिच्या कोपरापर्यंत लागलं होतं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर बघते."

तिने कानाला आवाज अडवणारे मफ लावले, एक हात लांब केला आणि सात गोळ्या झाडल्या. सातही पुंगळ्या खणखणीत उडून गवतात पडल्या. वर्लिनने दुसरी मॅगझीन पुढे केली. पुन्हा सात. तीस वर्षं पहाटे उठून गाई पिळलेला हात तो, जागचा हलला नाही.

मग वर्लिनने घेतलं. चौथ्या गोळीला धुराडं.

"पिस्तूल बरं आहे," मार्लिस म्हणाली. "तुझं मनगट मागं जातंय. गोळी सुटली की अख्खा हात मागं येतो तुझा. स्लाइडला मागं सरकायला घट्ट टेकाच राहत नाही."

"मनगट कधीच बरं झालंय माझं."

"लोणच्याची बरणी उघडत नाही तुला."

"हल्ली झाकणंच भिकार बनवतात."

 ऑक्टोबरात वर्लिन कापणी यंत्राच्या शिडीवरून घसरला होता, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, पूर्वीसारखा झाला हात. वर्लिन बांधाकडे तोंड करून उभा राहिला. तीन आठवडे त्याने ज्याला ज्याला हात लावला होता, ते सगळं ठीक होतं. त्याला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटलं, कारण पिस्तूल त्याने चोख बनवलं होतं.

"मग हलकी स्प्रिंग बसव, तुझ्या हाताला जमेल अशी," ती म्हणाली.

"बरोबर चाललेल्या वस्तूला मी हात लावत नाही."

"मग दोन हातांनी धर."

"क्लबातली दोन हातांची रांग म्हणजे पाळणाघर. नवशिके, शाळकरी पोरं, बँकेतल्या मुली."

"चांगली संगत आहे की," असं म्हणून ती रुबार्ब-पाय ओव्हनमध्ये ठेवायला निघून गेली.

शनिवारी खडीच्या जुन्या खाणीत सगळे जमले. वर्लिनने दोन हातांच्या रांगेत नाव घातलं आणि ते फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या एका बाजूला चष्मा लावलेली एक मुलगी होती, दुसऱ्या बाजूला क्लबात नुकताच आलेला पोस्टमन. त्याने डावा हात उजव्याखाली घट्ट धरला आणि सावकाश सुरुवात केली. चौथी गेली. पाचवी गेली. दहाव्या गोळीनंतर त्याने मोजणं सोडलं आणि त्याला मजा यायला लागली. तीस गोळ्या, एकही अडकली नाही. मार्क बेताचेच पडले, पण कितीतरी दिवसांनी तो मनापासून खूश होता.

मधल्या सुट्टीत ऑर्डेल टोफ्ट कॉफीचे दोन कप घेऊन आला. एका हाताच्या रांगेतला हा पट्टीचा नेमबाज, आणि वर्लिनशी त्याची चाळीस वर्षांची चढाओढ.

"काय रे, पाळणाघरात रमलास म्हणे?"

"झकास आहे इथं. कोणी हिणवत नाही."

"महिनाभर डोकं आपटत होतास त्या पिस्तुलावर. काय निघालं शेवटी? स्प्रिंग?"

आजूबाजूचे चारपाच जण कान देऊन उभे होते. वर्लिनने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. त्याने मार्लिसकडे पाहिलं, तर ती खाण्याच्या टेबलापाशी सगळ्यांसाठी रुबार्ब-पाय कापण्यात गुंतली होती.

"पिस्तुलात काहीच नव्हतं," वर्लिन म्हणाला. "मनगट गेलंय माझं. तीन आठवडे मी भलताच भाग तपासत होतो."

कोणी हसलं नाही. पोस्टमनने रुबार्ब-पायची बशी त्याच्यापुढे सरकवली. ऑर्डेल कॉफी फुंकत राहिला. बाकीचे पांगल्यावर तो वर्लिनच्या जवळ सरकला.

"माझा खांदा," तो हळूच म्हणाला. "मार्चपासून. घरीसुद्धा बोललो नाहीये."

वर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करायला इतकी सोन्यासारखी संधी चाळीस वर्षांत आली नव्हती.

"दुसऱ्या फेरीला या रांगेत जागा असेल का?" ऑर्डेलने विचारलं.

वर्लिनने आपला काडतुसांचा डबा बाकावरून उचलला आणि पायाशी ठेवला.

"ये," तो म्हणाला. "इथं उभा राहा."