मेंढरांच्या गळ्यातला पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी जागचा हलणार नाही. घराचा नव्हे, मी इंटरनेटवरचा पत्ता. चार आकडे आणि मध्ये तीन टिंबं, एवढाच माझा देह. तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकता, तेव्हा यंत्र गुपचूप माझ्यासारखा आकडा शोधून तिथे पोचतं. मिरवतं ते नाव, राबतो मी.

लोकांची संकेतस्थळं आपल्या यंत्रांवर ठेवणाऱ्या मिरजेतल्या एका कंपनीने मला मोठ्या कंपनीकडून भाड्याने आणलं. वीरधवल तिथला मालक आणि राजेश्वरी यंत्रं सांभाळणारी. माझ्या वाट्याला आटपाडीकडच्या बिरदेव मेंढपाळाचं पान आलं. ते त्याच्या लेकीने, सोनियाने बनवलं होतं. कळप आज कुठे बसलाय आणि बिरदेवचा आजचा फोन नंबर कोणता, एवढंच ती त्यावर लिहायची. कारण बिरदेव मुलुखभर फिरणार आणि जिथे ज्याची रेंज मिळेल ते सिम घालणार.

मग त्या पठ्ठ्याने पत्र्याच्या बिल्ल्यांवर माझे आकडे ठोकले आणि मेंढरांच्या गळ्यात बांधले!

सोनिया म्हणाली, "आण्णा, नाव घाला की. आकडा कवाबी बदलंल."

"इंग्रजी नाव कोण वाचतंय? आकडा समद्यांना येतोय. आन् त्यो कशाला बदलतोय?"

त्या शब्दावर मी जीव ओवाळून टाकला. चुकलेलं मेंढरू कुणाला सापडलं की तो फोनवर माझे आकडे दाबायचा, मी बिरदेवचा नंबर दाखवायचो. किती मेंढरं मी घरी लावली! पण शाबासकी मिळायची ती फोनला.

अशात मोठ्या कंपनीने जुने पत्ते परत मागितले; ठेवायचाच असेल त्याला दुप्पट भाडं. मिरजेच्या कंपनीची सारी गिऱ्हाइकं नव्या पत्त्यांवर निघाली. नावं तीच राहिली, त्यामुळे कुणाला काही कळलंही नाही. मला मात्र फार राग आला. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि साधा निरोपही नाही?

जुना पत्ता बंद होतोय हे कळवायला राजेश्वरीने रिवाजाप्रमाणे सोनियाला फोन केला. सोनिया ओरडलीच, "आवं ताई, आमचा आकडा मेंढरांच्या गळ्यात हाय! कळप रहिमतपूरकडं गेलाय, आन् कालपासनं गाभण मेंढी घावंना. आण्णा जेवलंबी न्हाईत."

राजेश्वरी तडक मालकापुढे उभी राहिली.

"मेंढरांसाठी पत्ता राखायचा व्हय?" वीरधवल हसला.

"व्हय दादा. मी त्याला हात लावणार न्हाई. तुमचं तुमी बंद करा."

वीरधवलने खुर्ची ओढली. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. मी म्हटलं, दाब की! बघू तुझी हिंमत.

"मेंढी घावंस्तवर ठिवतो," तो पुटपुटला. "फुडं एक दिस न्हाई."

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरजवळच्या चंद्राबाईंना त्यांच्या उसात ती मेंढी दिसली. त्यांनी बिल्ला पुसला, आकडे दाबले. मी असा धावलो म्हणून सांगू, पाय नसताना!

"बिरदेव का? तुमची मेंढी आमच्या उसात हाय. आन् एकली न्हाई, कोकरू झालंय."

बिरदेव धावत आला आणि कोकराला उराशी धरून ढसाढसा रडला.

वीरधवल मला बंद करायला बसला, तोच सोनियाने कोकराचा फोटो पाठवला. त्याच्या इवल्या गळ्यात नवाकोरा बिल्ला होता आणि त्यावर मीच होतो! बिरदेवला नवा आकडा सांगितला होता. त्याने तो ऐकून घेतला आणि जुनाच ठोकला.

मित्रांनो, जुनं काही बंद करण्याआधी ते कुणाच्या गळ्यात आहे, तेवढं बघत चला.

वीरधवल फोटोकडे बघतच राहिला. "मंजी आता ह्ये कोकरू म्हातारं होईस्तवर?"

"व्हय दादा," राजेश्वरी म्हणाली. "आन् त्याची कोकरं झाली तर बघू."