ठेंगणी खोली

मंगरूळपीरच्या बाहेर पुंजाजींचा भाजीपाल्याचा मळा होता. तिथंच नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशासाठी बाहेरचा माणूस शोधावा लागला नाही. त्यांची थोरली सून पौर्णिमा गावातल्या एका इंजिनिअरकडे कॉम्प्युटरवर घरंच काढायची. घरचं काम म्हणजे फुकटचं काम, पण या कामात तिचा स्वतःचा जीव अडकला होता.

इंजिनिअरसाहेब ऑफिस वाशीमला हलवणार होते. रोज एसटीनं वाशीमला जाणं सासरी चालणार नाही, हे तिला न विचारताच ठाऊक होतं. साहेब म्हणाले होते, घरून काम करा, पण बसायला नीट जागा बघा; फोनवर मागून भांड्यांचे आवाज आले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सध्या घरी ती ऑफिसचा लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवून बसायची. दार लावता येईल अशी एक खोली मिळाली तर नोकरी टिकणार होती, नाही तर गेली.

म्हणून तिनं स्लॅबच्या वर, उतरत्या छपराखाली, माळ्याची एक खोली काढली. सॉफ्टवेअर मोठं हट्टी. खोली म्हटली की ते वर सपाट छत ठोकून मोकळं व्हायचं. ते छत पुसायचं, मग छपराच्या दोन्ही पाख्यांच्या उतारानं नवं छत आढ्यापर्यंत चढवायचं, की पुन्हा कुठल्या तरी कोपऱ्यात फट. यात तिच्या कितीतरी दुपारी गेल्या. छत एकदाचं तिरकं बसलं तेव्हा ती एकटीच हसली. दोन टोकांच्या भिंतींना तिनं समोरासमोर खिडक्या दिल्या आणि एका खिडकीखाली टेबल ठेवलं.

संध्याकाळी सगळ्यांना तिनं घर स्क्रीनवर फिरवून दाखवलं. जिना चढून वरच्या खोलीत शिरल्याबरोबर धाकटा दीर शिवम ओरडला, "वहिनी, हे खोली आपली! लग्न झालं की मी वरतंच राह्यतो."

कोणी काही बोललं नाही. या घरात याचा अर्थ ठरलं असाच होता.

खोली मला हवी, असं म्हणायला पौर्णिमाला तोंड होतं, पण सुनेनं स्वतःसाठी काही मागायची इथं रीत नव्हती. सुनेचं मागणं नवऱ्याच्या तोंडून यायचं. सकाळी तिनं हरीओमला गाठलं.

"बोलतो ना बाबाले," हरीओम म्हणाला. "मोका पाहून बोलतो."

हरीओमला मोका सापडेपर्यंत घराला दुसऱ्यांदा रंग लागला असता. तेव्हा तिनं स्वतःचीच अक्कल चालवली. शिवम ताडमाड उंच आणि ती जेमतेम पाच फूट. तिनं बाजूच्या भिंती खाली घेतल्या, तशी पाखी खाली आली, आढंही खाली आलं. शेवटी मधोमध फक्त तिलाच ताठ उभं राहता येईल अशी खोली झाली. मग त्या खोलीत तिनं स्क्रीनवर शिवमच्या उंचीचा माणूस उभा करून घरच्यांना दाखवला. त्याचं डोकं छपरातून बाहेर निघालं होतं. सगळे पोट धरून हसले.

"इतकी ठेंगणी काहून काढली वं?" सासूबाईंनी, गोजराबाईंनी विचारलं.

"छपराले उतार द्या लागते, आई. नाही त पानी मुरते." खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

शिवमनं खालची खोली घेतली. आता कोणालाच नको असलेली ती खोली नवऱ्यानं तेवढी मागायची बाकी होती. ती रोज हरीओमकडे बघायची आणि हरीओम चहाच्या कपात बघायचा.

मोका सापडला तो गोजराबाईंना, सगळे जेवत असताना.

"वरच्या खोलीत कांदा भरू. दरसाल शेडमधी अर्धा सडून जाते."

"मानूस उभा राहत नाही तिथं," पुंजाजी म्हणाले.

"कांद्याले कुठं उभं राहा लागते!"

पुंजाजींनी हात धुऊन लॅपटॉप जवळ ओढला. "अन् खिडक्या पाह्य, अमोरासमोर. वारा आरपार जाते. सूनबाईनं लय डोकं लावलं बा. आपुन बोललो बी नाही, अन् तिनं कांद्याचा इचार करून ठेवला."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला दिलेली ही पहिली शाबासकी. पौर्णिमानं हरीओमकडे पाहिलं. त्यानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि मान वर केलीच नाही. आता तिनं तोंड उघडलं असतं, तर उताराचं खोटंही उघडं पडलं असतं.

"तो टेबल तेवढा काढून टाक," सासरे म्हणाले. "जागा अडते."

तिनं टेबलावर बोट ठेवलं आणि ते पुसून टाकलं.

उन्हाळ्यात घर उभं राहिलं, अगदी तिनं काढलं होतं तसं. ऑफिस वाशीमला गेलं, लॅपटॉप साहेबांना परत गेला. पावसाळ्यात माळ्यावरून वास येऊ लागला, तशी गोजराबाईंनी हाक मारली.

"पौर्णिमा, जाय वं, सडके कांदे निवड. आमी गेलो का डोकं छपराले आदयते. तुलेच उभं राहता येते तिथं."

तेव्हापासून ते काम तिचंच झालं. आढ्याखाली ती ताठ उभी राहायची, डोक्यावर बोटभर जागा उरायची. माप कुठंच चुकलं नव्हतं. खिडकीखाली, टेबलाच्या जागी, छातीएवढा ढीग होता.

एकदा हरीओम जिना चढून आला आणि दारातच वाकून उभा राहिला. "मी बोलनारच होतो," तो म्हणाला.

"टोपली द्या," ती म्हणाली.

त्यानं टोपली आत सरकवली आणि तो खाली उतरला. तिला खूप रडावंसं वाटलं. पण कांदा डोळ्यांना झोंबतो तो चिरताना, निवडताना नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. लाल डोळ्यांनी खाली गेली असती तर सांगायला निमित्तही नव्हतं. तिनं खिडकी सताड उघडली आणि खाली बसून कांदे निवडायला लागली.