पोळ्याचे तीन फटके

मी एक जुना चाबूक आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू हळव्या होतात. मला स्वतःची किळस येते.

वेळूची मूठ आणि चामड्याची वादी जोडून मला एका कारागिराने घडवले. खर्ड्याजवळच्या वस्तीवरचे शेतकरी गहिनीनाथ मला नुसते हवेत वाजवत आणि बैल चालू लागत. लोक वाहवा करत. मी फुगून जाई. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाच्या, बिभीषणच्या हाती आलो.

पोळ्याला बैलाला चाबूक लावत नाहीत. त्या दिवशी मी खुंटीवर होतो. रंगवलेल्या शिंगांचा बैल दारात आला आणि त्याने नैवेद्याच्या पुरणात तोंड घातले. बिभीषणच्या बायकोने, ज्योतीने, बैलाच्या तोंडावर हलकी चापट मारली.

"सणाला बैलावर हात टाकती? पाप लागंल!" बिभीषण ओरडला. त्याने मला खुंटीवरून ओढले आणि ज्योतीच्या पाठीवर तीनदा मारले.

पाप टाळायला!

शेजारचा रामहरी दारात उभा होता. तो हसला. "आज बैलाला सुट्टी हाय, बाईला न्हाई व्हय?"

बिभीषणही हसला. "बाईला धाकच लागतो."

सासू लंकाबाई ज्योतीला म्हणाली, "गप ऱ्हा. मी न्हाई का खाल्ला मार? नवराच हाय, परका हाय का?"

"आत्याबाई, तुमच्या पाठीला रोज मीच तेल लावते. ते वळ अजून हायेत."

लंकाबाईने पदर पाठीवर ओढून घेतला. ते वळही माझेच होते, मित्रांनो. गहिनीनाथांचे कौतुक सांगताना मी ते लपवले.

ज्योतीने मला पिशवीत घातले आणि पोलीस चौकी गाठली. हवालदाराने विचारले, "मारताना कोणी पाहिलं?" रामहरीला बोलावले. तो म्हणाला, "आमी न्हाई बा कुनाच्या घरात बघत."

आता तक्रारीचा कागद तिथेच थांबणार, असे वाटले. तेवढ्यात मागून लंकाबाई धापा टाकत आली.

"मी बघितलं. माझा ल्योक हाय. त्यानंच मारलं." तिने अंगठा उमटवला.

आता मी पुरावा म्हणून चौकीच्या कपाटात पडून आहे. वादी कडक झाली आहे, मुठीला बुरशी आली आहे. जुन्या वस्तू जपाव्यात, असे तुम्हाला शिकवतात. मला जपू नका. तेल लावू नका. माझ्यासारखा दुसरा घडवू नका. आणि बाईला धाकात ठेवावे लागते असे कोणी म्हणाले, मग तो तुमचा बाप का असेना, तर हसू नका.