पट्टीतला पहिला मान

चाळीस गावांची ती वेबसाइट. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, फक्त बदलाखाली कारण टाकावं, एवढाच नियम. लातुरात नोकरी करता करता तनुजानं ती उभी केली आणि डावीकडच्या पट्टीत गावांची नावं ओळीनं लावली. तिथंच माशी शिंकली!

मुखेडकडची बोरजाई आणि सावळवाडी, दोन्ही गावांचा पोळा एकाच मारुतीपुढं फुटतो. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून तीन पिढ्या भांडल्या. आता तेच भांडण पट्टीत शिरलं. बोरजाईचे लक्ष्मणराव आपलं गाव वर चढवत आणि कारण लिहीत, ‘मान आमचा.’ सावळवाडीचे गुरुपादप्पा लगेच ते खाली ओढत, ‘पाळी आमची.’ एका दिवसात एकवीस वेळा! म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही का, म्हणत तनुजानं दोन्ही गावं वर एकाच ओळीत बसवली, बाकीची अडतीस त्यांच्या खाली लावली आणि पट्टीला कुलूप घातलं. दोघांच्या होकाराशिवाय उघडणार नाही, असा शब्दही देऊन बसली. या खटाटोपात पट्टीतली ‘साप चावला तर’ या पानाची ओळ पार तळाला गेली. ते तिला दिसत होतं. पण भांडण मिटलं ना, मग झालं तर!

मंगळवारी दुपारी लक्ष्मणरावांच्या मुलाचा, व्यंकटचा फोन आला.

“ताई, आईला सोयाबीनमध्ये साप चावला! कोणत्या दवाखान्यात इंजेक्शन हाय ते तुमच्या साइटवर रोज लिहितेत ना? दहा मिनिटं झाली शोधून राहिलो, नुसती गावंच येऊन राहिली!”

मागून लक्ष्मणराव ओरडत होते, “बोरजाई दिसतंय रे, पुढचं काय दिसंना!” त्याच्या आईचं, पंचफुलाबाईंचं कण्हणंही ऐकू येत होतं.

तनुजानं ते पान उघडलं. बबिता नर्सबाईनं सकाळीच लिहून ठेवलं होतं, जवळच्या दवाखान्यातलं इंजेक्शन संपलंय, घाटापलीकडच्या दवाखान्यात आहे.

“व्यंकट, जवळच्या दवाखान्यात जाऊ नका! सरळ घाट ओलांडा. आईचा पाय हलू देऊ नका. निघा!”

“हाव, निघालोच.” फोन बंद झाला.

दहा मिनिटं! ती दहा मिनिटं आपणच खाल्ली, हे तिला सहन होईना. शब्द गेला चुलीत! तिनं कुलूप काढलं आणि सापाची ओळ उचलून सगळ्यात वर नेली. मग फोन समोर ठेवून बसली. संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही. तिनं लावला तर लागेना. रात्र तशीच गेली.

सकाळी तिनं भीतभीत साइट उघडली. पट्टीत पुन्हा कुणीतरी हात घातला होता. सापाची ओळ वरच होती. तिच्याखाली सावळवाडी एकटीच होती. बोरजाई कुठं दिसेना. तनुजा खाली खाली गेली, एकोणचाळीस गावं ओलांडली, तेव्हा ती सापडली, पार तळाला.

बदल करणारे: लक्ष्मणराव, बोरजाई.

कारण: पंचफुला वाचली.