वाढदिवस की जयंती

सकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओवर दिनविशेष लागायचा, आणि तो वाचणाऱ्या बाईला अख्खं शहर तारीखताई म्हणायचं. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कुठला पूल कधी खुला झाला, सगळं तिच्या जिभेवर. भाजी घ्यायला गेली तरी भाजीवाली आधी विचारायची, "ताई, आज कशाचा दिवस?" वर्षाचे सगळे दिवस जगातल्या हौशी लोकांनी केव्हाच आपापसांत वाटून घेतलेत. आळसाचा दिवस आहे, शिट्टी वाजवायचा आहे, शेजाऱ्याला न चिडवायचाही एक आहे. तो फारसा कुणी पाळत नाही.

या कामात दोन शब्द मात्र जपून वापरावे लागतात. जिवंत माणसाचा वाढदिवस आणि गेलेल्याची जयंती. यात उलटापालट झाली की संपलं. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात ताईनं एका जुन्या पैलवानाची जयंती जाहीर केली, आणि पहिला चहा व्हायच्या आत पैलवान स्वतः रेडिओ केंद्रात हजर. "कोण म्हणतं मी गेलो? येता का पंजा लढवायला?" म्हणून त्यानं साहेबांच्या टेबलावर कोपर रोवला. साहेबांची पाचावर धारण बसली. पैलवान गेल्यावर त्यांनी कायमचा हुकूम काढला की जरा शंका आली की 'जन्मदिन' म्हणायचं. हा तिसरा शब्द फार सोयीचा. त्यात माणूस असतोही आणि नसतोही. दुधानं तोंड पोळलेल्या साहेबांनी त्या दिवसापासून ताक फुंकत निम्म्या जगाला जन्मदिनावर ठेवलं.

अडचण एवढीच होती की त्या निम्म्या जगात ताईचे स्वतःचे बाबा होते.

बाबा म्हणजे सिनेमातले गालफुगे. खरं नाव घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. नायक नाही, खलनायक नाही, कुठल्याही सिनेमात एकदाच यायचे. नायक-नायिका ऐन रंगात आलेले असताना दार उघडायचं, हे आत डोकावायचे, गाल फुगवायचे आणि म्हणायचे, "घर चुकलं वाटतं!" एवढंच. त्यावर थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक. एका वाक्यावर माणसानं संसार केला, दोन मुलं शिकवली आणि तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं.

पुढे म्हातारपणी ते खरोखरच घर चुकायला लागले. खालून वर येताना मधल्या मजल्यावरचं दार ढकलायचे, आत शेजारी जेवत बसलेले दिसले की गोंधळून म्हणायचे, "घर चुकलं वाटतं." शेजारी पोट धरून हसायचे. या वयातही काय मिश्कील माणूस आहे, म्हणायचे. त्यात थट्टा नव्हती हे घरच्यांनाही कळायला उशीर झाला. उन्हाळ्यातल्याच एका दुपारी ते दाढीचं ब्लेड आणायला म्हणून खाली उतरले आणि परत आलेच नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, रेडिओवर स्वतः ताईनं रडत रडत वर्णन वाचलं. ताईला राहून राहून एकच वाटायचं, की कुठल्या तरी परक्या दारात उभं राहून ते वाक्य म्हणाले असतील, आणि आतली माणसं त्यांना ओळखून हसली असतील.

तेव्हापासून आईनं दाराला कडी घातली नव्हती. दार नुसतं ओढून घ्यायचं. झोपताना आतून स्टुलावर पातेलं ठेवायचं, म्हणजे कुणी ढकललं तर आवाज होईल. शेजारीण म्हणाली, "अहो, चोर येईल." आई म्हणाली, "येऊ दे. काय नेणार? मोजे?" आईचा एक खण एकेकट्या मोज्यांनी भरलेला होता. जोडीतला एक हरवला की दुसरा ती टाकायची नाही. सापडला तर?

इतकी वर्षं दर उन्हाळ्यात ताई एक वाक्य वाचायची. "आज विनोदी अभिनेते गालफुगे यांचा जन्मदिन." घरी परतल्यावर आई त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. ताईही विषय टाळायची. दोघी चहा घ्यायच्या आणि पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायच्या.

यंदा मात्र बाबांचं ऐंशीवं वर्ष आलं आणि सगळ्यांना कंठ फुटला.

साहेब म्हणाले, "ताई, ऐंशी वर्षं म्हणजे मोठा कार्यक्रम करू. जुने आवाज आहेत आपल्याकडे. पण श्रद्धांजली करायची की अभीष्टचिंतन, ते ठरायला हवं. जन्मदिनावर तासभर नाही काढता येत हो." परगावी राहणाऱ्या दादाचा फोन आला. "यंदा जयंती म्हण. किती वर्षं असं टांगून ठेवायचं? बाबांना मोकळं कर आणि आईलाही."

"तुला तिथं बसून म्हणायला काय जातंय? इथं आई रेडिओला कान लावून बसलेली असते."

"म्हणूनच म्हणतोय."

"मग तूच ये आणि तिच्या तोंडावर सांग," असं म्हणून ताईनं फोन ठेवला. दादावर चिडणं सोपं होतं. तो म्हणत होता ते तिलाही पटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

आदल्या संध्याकाळी तिनं धीर करून विचारलं, "आई, उद्या काय म्हणू?"

आई धुतलेले कपडे घडी करत होती. "तुला म्हणायचंय ते म्हण बाई. मी ऐकणारी. लिहिणारी तू."

यातून काय समजायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताईनं मुकाट्यानं 'जन्मदिन' लिहिलं आणि झोपायला गेली. नेहमीप्रमाणे आईनं स्टुलावर पातेलं ठेवलं.

सकाळी केंद्रावर पोचेपर्यंतच ऊन चढलं होतं. काचेपलीकडे तंत्रज्ञ जांभया देत बसला होता. त्यानं हात वर केला, लाल दिवा लागला आणि ताई वाचू लागली. आजच्या दिवशी नदीवरचा जुना पूल खुला झाला होता, तो अजून उभा आहे. एका गायिकेचा वाढदिवस होता, तीही अजून गात होती. मग हौशी लोकांचं खातं आलं.

"आणि श्रोतेहो, काही ठिकाणी आज हरवलेल्या मोज्याचा दिवस पाळतात. धुण्यात जोडीतला एक मोजा नाहीसा होतो. कुठे जातो, कुणालाच ठाऊक नाही. उरलेला मात्र वर्षानुवर्षं खणात पडून राहतो. ना तो पायात घालता येत, ना टाकवत..."

हे तिनं काल हसत हसत लिहिलं होतं. दिनविशेषात एक तरी गंमत हवी म्हणून. आज वाचताना ती त्याच ओळीवर थांबली. तिला आईचा खण दिसला, मग स्टूल दिसलं, त्यावरचं पातेलं दिसलं. आई कधी लग्नाकार्याला चार दिवस राहायला गेली नव्हती. दादाकडेसुद्धा नाही. घर उघडं टाकून कशी जाऊ, म्हणायची. गेले ते बाबा, पण खणात ठेवलं होतं आईला. आणि दर उन्हाळ्यात तो खण आपणच पुन्हा लोटून बंद करतो आहोत, एका सोयीच्या शब्दानं. ताईला स्वतःची लाज वाटली आणि आईची फार फार दया आली.

तंत्रज्ञ काचेआडून हातवारे करायला लागला. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे पाप.

कागदावर 'जन्मदिन' होतं. ताईनं वाचलं, "आज विनोदी अभिनेते गालफुगे यांची जयंती." आणि तिनं पुढे जोडलं, "ते माझे बाबा होते." 'होते' म्हणताना आवाज फुटला, पण शब्द पुरा झाला.

दिवा विझल्यावर साहेब आत आले. नेहमी चार सूचना करणारा माणूस, पण नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. दादाचा फोन वाजत होता, तो तिनं उचलला नाही. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. तेच.

ताईचं धाबं दणाणलं. आपण काय करून बसलो? म्हातारी एकटी, स्वयंपाकघरात, आणि समोर रेडिओ. एवढी वर्षं जी आशेवर जगली तिची आशा आपण सगळ्या शहरादेखत काढून घेतली, तीही आधी न सांगता! रिक्षा मिळाली तीही रखडत चालणारी. ताई तिसरा मजला धापा टाकत चढली आणि सवयीनं दार ढकललं.

दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. आतून बंद होतं. सगळ्या मजल्यांवरची दारं एकाच तपकिरी रंगाची. तिनं जिना खालपर्यंत बघितला, मजला मोजला, परत दाराकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी दार वाजवलं. "आई! आई गं!" आतून काहीच आवाज नाही. शेवटी पावलं आली, आत कसलीशी खटपट झाली, लोखंड करकरलं आणि दार उघडलं.

आई उभी होती, धडधाकट. डोळे लाल, हातात बत्ता.

ताईला एकदम सुटल्यासारखं झालं. तोंडातून निघालं ते भलतंच. "घर चुकलं वाटतं."

आई बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. चौकटीला धरून ती हसली, हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. ताई तिच्या शेजारी उंबऱ्यावरच बसली. तिचंही तेच झालं. मधल्या मजल्यावरची शेजारीण डोकावून गेली आणि शहाणपणानं काही न विचारता परतली.

"फोन का नाही घेतलास? माझा जीव गेला इथं."

"कडी लावत होते. जाम झाली होती मेली. बत्त्यानं ठोकून ठोकून लावली. एवढ्या गोंगाटात फोन कसला ऐकू येतोय?"

"आई, रागावलीस?"

"कशाला रागावू?" आईनं पदरानं तोंड पुसलं. "मला केव्हाच कळलं होतं गं. पण आधी मी कसं म्हणू? बायकोनंच म्हटलं म्हणजे तिनंच घराबाहेर काढल्यासारखं. आणि तू दर वर्षी जन्मदिन जन्मदिन करत होतीस. मला वाटायचं, पोर अजून वाट बघतेय. पोर वाट बघत असताना मी कडी कशी लावायची?"

"आणि मी तुझ्यासाठी म्हणत होते!"

"म्हणजे दोघी वेड्या," आई म्हणाली. "शाळेत घातलेल्या पोरीनं तरी आधी विचारायचं."

"काल विचारलं ना!"

"काल विचारलंस. इतक्या वर्षांनी." मग तिनं ताईच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदरानं टिपला. "छान वाचलंस. 'माझे बाबा होते' म्हणालीस ते तर फारच छान. त्यांना आवडलं असतं. ऊठ आता, दारात बसून काय शोभा करायची?"

ताई उठली, आईला हात देऊन उठवलं. दोघी आत आल्या. आई स्वयंपाकघराकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "कडी लावून घे गं."

ताईनं कडी सरकवायला घेतली. ती निम्म्यावर जाऊन अडली. तिनं जोर लावला, ती हलेना. मग आई परत आली. तिनं बत्ता खाली ठेवला, आपला हात लेकीच्या हातावर ठेवला, आणि दोघींनी मिळून ढकलली तेव्हा कुठे कडी बसली.