आयवारच्या वाफेतलं दार

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. सर्बियातल्या लेस्कोवाकमध्ये जन्मले, चाळीस वर्षं इथल्याच मिरच्या खाल्ल्या, आणि स्वयंपाकघर करताना सप्टेंबर विसरले.

ल्युबिंकाच्या घरची कपाटं मी मे महिन्यात बसवली. दारं एमडीएफची, पांढरी, सपाट. बरण्यांच्या फळ्या मात्र प्लायवूडच्या केल्या, कारण भरलेल्या बरण्यांखाली एमडीएफ वाकतं. तेवढी अक्कल होती. पण चुलीच्या वरच्या चार दारांसाठीही मी साधंच एमडीएफ वापरलं. सप्टेंबरात ल्युबिंकाच्या सासूने, स्तानोयका काकूंनी, आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची वर्षभराची चटणी, तीन दिवस आटवला आणि दारांच्या खालच्या कडा टम्म फुगल्या.

मी पोचले तेव्हा टेबलाभोवती पाच बायका मिरच्या सोलत बसल्या होत्या.

"ये गं बाई," काकू म्हणाल्या. "तुझी दारं बाळंत व्हायला आलीत."

सगळ्या खिदळल्या. ल्युबिंका मान खाली घालून सोलत राहिली.

"चूक माझी आहे, काकू. चारही नवीन करून देते."

"नको. शनिवारी त्रायको मापं घ्यायला येतोय. तो अस्सल बीचचं लाकूड वापरतो. भुसा आणि गोंद थापून कुठे दार होतं का?"

त्रायकोच्या कारखान्यात मी अकरा वर्षं दारं घासली. रंगवलेलं बीच हिवाळ्यात सांध्यांवर कसं तडकतं, ते मला विचारा. मी वेगळी झाले तेव्हा तो गावभर सांगत सुटला, देसाला रंगकाम येतं, सुतारकाम नाही. हे काम त्याच्याकडे गेलं असतं तर या गल्लीत मला कुणी दारात उभं केलं नसतं. माझं डोकं सणकलं.

"माझ्या चुकीचं खापर एमडीएफवर फोडू नका. चुलीपाशी ओलावा सोसणारं लागतं, मी साधं लावलं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," शेजारीण पुटपुटली.

"अंगण सरळच आहे म्हणतेय मी, मावशी! नाचणारी चुकली." मी काकूंकडे वळले. "शनिवारी दुसरी खेप आटवणार ना? एक दार बरोबर पातेल्याच्या डोक्यावर लावते. फुगलं, तर त्रायकोचं लाकूड मी स्वतः वाहून आणीन."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "लाव."

ओलावा सोसणारं, आतून हिरवट असतं ते एमडीएफ आणलं. पण तेही काही जादूचं नसतं. पाणी पितात त्या कापलेल्या कडा. त्या घासल्या, अस्तराचा हात दिला, पुन्हा घासल्या, पुन्हा दिला. मागच्या बाजूलाही पुढच्याइतकेच हात, नाहीतर दार बाक धरतं. बिजागरीची भोकंसुद्धा आतून रंगवली. त्रायकोकडे ती कुणी रंगवत नसे.

शनिवारी काकूंनी मुद्दाम पातेलं दाराच्या अगदी खाली आणलं.

"अजून मागे सरकवा," मी म्हटलं. "बाहेर वाफ वाया जातेय."

"जीभ फार चालते तुझी. हातही चालव." त्यांनी लाकडी डाव माझ्या हातात कोंबला.

सहा तास ढवळलं. आयवार उडून मनगट भाजलं, पण जागची हलले नाही. मनातून घाबरले होते, खोटं कशाला बोलू. दर पाच मिनिटांनी त्या कडेकडे बघत होते.

पाच वाजता काकूंनी अंगावरच्या जुन्या एप्रनने दार पुसलं. खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मागून. मग पुन्हा पुढून. तेवढ्यात त्रायको टेप घेऊन आत आला.

"कुठली दारं काढायची, काकू?" त्याने माझ्या दाराकडे पाहिलं. "वा देसा, रंग छान बसलाय."

"दारही मीच केलंय, त्रायको. नुसता रंग नाही."

तो हसला आणि टेप उघडायला लागला.

"टेप खिशात ठेव," काकू म्हणाल्या. "आलाच आहेस तर बस, मिरच्या सोल. देसा, उरलेली तीन कधी आणतेस?"

"बुधवारी," मी म्हटलं आणि ढवळत राहिले.