नमुन्यादाखल दिलेलं लहानपण

वीरभद्रअण्णांचे उघडे पाय मला भर सभेत सगळ्यांना दाखवायचे होते. तेवढ्यासाठी मी दीड वर्ष वाट पाहिली. हे ऐकून मी कुणाला दुष्ट वाटले तर वाटू दे, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी लिहिते. म्हणजे दुसऱ्यांसाठी लिहिते. मानपत्रं, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, चेअरमन लोकांची भाषणं, कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची माहितीपत्रकं. नोकरी कुठलीच नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन खोल्या, एक सेकंडहँड कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि खिडकीजवळच्या खाटेवर माझे वडील, अप्पा. घरी बसून काम करणारी बाई काम करते, हे आमच्या गल्लीत कुणाला पटत नाही. शेजारच्या धोंडुबाई सिलिंडर आला की मलाच हाक मारतात. "तू घरातच असतीस न्हवं?" गिऱ्हाईक बरोबर जेवायच्या वेळेला दार वाजवतं आणि ताटाकडे बघत म्हणतं, "दोन ओळी तर लिवायच्यात, तुमास्नी काय, बसल्याबसल्या व्हतंय." काम ऐन रंगात आलं की वीज जाते. ती आली की गिऱ्हाईकाचा फोन, झालं का म्हणून.

हे सगळं मी सोसते. पण एका वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "आधी एक नमुना दावा की." शिंप्याला कुणी म्हणत नाही, की आधी एक बाही शिवून दाखव, आवडली तर पुढचा सदरा सांगतो. मला मात्र सगळे म्हणतात, आणि मीही द्यायची. नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाणार हे ठाऊक असायचं.

२००१ साली वीरभद्रअण्णांना आत्मचरित्र काढायचं होतं. अण्णा म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी, दोन हायस्कुलं आणि एक कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या ऑफिसच्या बाकड्यावर मला साडेतीन तास बसवलं आणि मग पाच मिनिटं आत घेतलं. म्हणाले, "लहानपणाचं एक प्रकरण नमुन्यादाखल लिवून आणा. जरा गरिबीचं घाला. लोकास्नी आवडतंय."

"तुमच्या लहानपणाची माहिती द्याल का?" मी विचारलं.

"ती नंतर देतो की. आधी तुमचा हात तर बघू."

चार दिवसांची मुदत होती आणि हातात माहिती शून्य. मग मी अप्पांचं लहानपण लिहिलं.

अप्पांनी ते मला मी अकरा वर्षांची असताना सांगितलं होतं. मला टायफॉइड झाला होता, एकवीस दिवस अंथरुणावर होते, आणि अप्पा शाळेतली कारकुनी आटोपून आले की उशाशी बसून रोज थोडं थोडं सांगायचे. गारगोटीपासून तीन कोसांवर त्यांची वाडी. दोघा भावांत वहाणांचा एकच जोड. सोमवारी तो थोरल्याच्या पायात, मंगळवारी यांच्या. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी पाळी थोरल्याची होती, म्हणून अप्पा अनवाणी निघाले. उतारावर बैलगाडीचं चाक उजव्या पायावरून गेलं आणि करंगळी गेली. मास्तरांनी आपल्या धोतराची पट्टी फाडून पाय बांधला आणि अप्पांनी तशातच पेपर लिहिला. ही गोष्ट सांगून झाली की अप्पा नेहमी म्हणायचे, "मी पास झालो, करंगळी तेवढी नापास झाली." आणि मी तापातसुद्धा हसायची.

हे सगळं मी त्या प्रकरणात घातलं. वर चिठ्ठी लावली, की ही फक्त शैली दाखवण्यासाठी आहे, आपली माहिती मिळताच मजकूर बदलला जाईल. आठवड्यानं निरोप आला की नमुना पसंत नाही, काम एका प्राध्यापकांना दिलंय. कागद परत मागितले तर म्हणे सापडत नाहीत. मी सोडून दिलं.

२००३ च्या दिवाळीत पुस्तक निघालं. चौथं प्रकरण माझं, शब्द न शब्द माझं. वाडी तीच. वहाणा त्याच. एवढंच वर जोडलं होतं, की अण्णा लहानपणी मामाकडे शिकायला होते. "मी पास झालो, करंगळी तेवढी नापास झाली" हे वाक्य तर जाड अक्षरांत छापलेलं. पुस्तक संस्थेच्या शाळांत वाटलं, त्या प्रकरणावर निबंध स्पर्धा घेतली. मी जाब विचारायला गेले. बाकड्यावर दोन तास बसवून शिपायाकरवी निरोप पाठवला, की साहेब ओळखत नाहीत. माझ्याकडे ना पावती, ना करार, ना सही. घरी बसून काम करणाऱ्या बाईकडे असतंच काय?

तरी मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण एका संध्याकाळी अप्पा त्यांच्या कट्ट्यावरून लवकर परत आले. पेन्शनर मंडळींच्या त्या कट्ट्यावर कुणी वाडीचा विषय काढला, म्हणून अप्पांनी करंगळीची गोष्ट सांगितली होती. तर त्यांचा वीस वर्षांपासूनचा मित्र बाळासो हसायलाच लागला.

"अप्पा, अण्णांचं पुस्तक पाठ केलंय की तुम्ही! माझ्या नातवानं बी केलंय."

अप्पांनी चप्पल काढून पाय दाखवला. बाळासो म्हणाला, "बोटं तुटलेली लई जणं असत्यात वो. गोष्ट त्यांची हाय. छापून आलीया न्हवं?"

त्या दिवसापासून अप्पा घरातही मोजे घालायला लागले. ऐन मे महिन्यात मोजे. कट्टा बंद झाला. मी विचारलं की म्हणायचे, "पायाला गार लागतंय." त्यांना काय लागलं होतं ते मला माहीत होतं. माझ्या बापाचं लहानपण त्या माणसानं उचललं होतं आणि वर बापच खोटा ठरला होता. मला ते परत हवं होतं. आणि नुसतं परत नको होतं, अण्णांच्या अंगावरून ओरबाडून काढायचं होतं.

पुढच्या वर्षी अण्णांची एकसष्टी आली. प्राध्यापक तोवर पुण्याला निघून गेले होते. संस्थेचे सेक्रेटरी शशिधर माझ्याकडे आले. त्यांना जुनं काहीच ठाऊक नव्हतं. मानपत्र लिहायचं आणि कार्यक्रमाचं निवेदनही करायचं, असं काम होतं.

"अण्णांचं पुस्तक वाचलंय का तुम्ही?" मी साळसूदपणे विचारलं.

"वाटलंय की सगळ्यास्नी," शशिधर म्हणाले. "वाचायला कुणाला येळ हाय? तुम्ही गोड लिवा म्हंजे झालं."

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. मी म्हणाले, "शाल-श्रीफळ सगळेच देतात. अण्णा अनवाणी शाळेत गेले. त्यांच्या पावलांची पूजा करूया. परातीत पाय धुवायचे, हळद-कुंकू लावायचं. आणि ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं, मागच्यांनाही दिसेल." शशिधर इतके खूश झाले, की त्यांनी माझ्यासमोरच अण्णांना फोन लावला. अण्णा त्याहून खूश.

पाय धुवायला कोण, हेही मीच सुचवलं. विठाबाई. तीस वर्षं शाळेत झाडलोट करणाऱ्या शिपाई. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण चौथं प्रकरण वर्गावर्गातून इतक्यांदा वाचलं गेलं होतं, की त्यांना ते तोंडपाठ होतं. महिनाअखेर त्या रिटायर होणार होत्या. त्यांची नोकरी जाणार नाही, एवढा विचार मी केला होता. त्याहून जास्त केला नव्हता.

आणि शेवटचं एक केलं. कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठामागे अण्णांना गाठलं. अंगावर सिल्कचा झब्बा, पायात चकचकीत बूट. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमास्नी कुठंतरी बघितलंय."

"बाकड्यावर," मी म्हणाले. ते हसले, त्यांना विनोद वाटला. मी पुढे विचारलं, "अण्णा, पाद्यपूजेच्या वेळी तुमच्या पुस्तकातला करंगळीचा उतारा वाचू ना?"

थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले असते तर मीही थांबले असते का, कुणास ठाऊक. पण ते म्हणाले, "वाचा की. तुमास्नी बरं वाटंल ते वाचा."

माणसानं स्वतःचं आत्मचरित्र उघडूनही पाहिलं नव्हतं!

मैदानावर शाळेतल्या पोरांसकट दोन हजार माणसं होती. पहिल्या रांगेत अण्णांची थोरली बहीण शांतादेवी, संकेश्वरहून आलेली. मानपत्र झालं, हार झाले. मग अण्णा खुर्चीवर बसले, बूट काढले, मोजे काढले आणि पाय परातीत ठेवले. मी माईक घेतला आणि उतारा वाचायला लागले. वहाणांचा जोड, उतार, गाडीचं चाक, धोतराची पट्टी. माझा आवाज मुद्दाम कापरा ठेवला. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. "मी पास झालो, करंगळी तेवढी नापास झाली," हे वाक्य तर सगळ्या शाळेनं माझ्याबरोबर मोठ्यानं म्हटलं. मग मी खाली बसून माईक विठाबाईंच्या जवळ धरला.

विठाबाईंनी डावा पाय धुतला. उजवा हातात घेतला, पाणी घातलं, बोटं चोळली आणि थबकल्या. पुन्हा चोळली. पडद्यावर हातभर लांबीचा गोरापान पाय दिसत होता, पाची बोटं ठणठणीत.

"अगं बया," विठाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात निखळ आनंद होता, "अण्णा, करंगळी हाय की वो तुमची! परत उगवली!"

मग मागून कुणीतरी पोर खिदळलं, आणि ते हसू रांगेरांगेनं पुढे येत गेलं. अण्णांनी पाय ओढला, परात कलंडली, कुंकवाचं पाणी झब्ब्यावर उडालं. "काय चाललंय? कसली करंगळी?" ते शशिधरांवर ओरडले. खरंच त्यांना काही कळत नव्हतं, आणि तेच सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात शांतादेवी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज माईकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. "ह्यो कवा अनवाणी गेला रं? ह्येला शाळंला न्यायला दारात टांगा यायचा. पायात बूट, हातात छत्री. कोण लिवलंय हे असलं?"

"मी लिहिलंय," मी माईकवर म्हणाले. "नमुना म्हणून लिहिलं होतं. हे लहानपण माझ्या वडिलांचं आहे. ते अजून हयात आहेत, मंगळवार पेठेत राहतात, आणि त्यांच्या उजव्या पायाला चारच बोटं आहेत. ज्याला मोजायची असतील त्यानं यावं."

माईक बंद केला गेला. गरजही उरली नव्हती. मी अण्णांकडे बघितलं. ओल्या पायांनी उभे होते, बूट कुठे गेले ते शोधत होते आणि कुणी देत नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझ्या काळजाला थंडावा मिळाला. ते दृश्य मी हवं तेवढं बघून घेतलं आणि मगच निघाले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पा खाटेवर बसलेले. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. विठाबाई, पडदा, टांगा, ओले पाय. कधी नव्हे ते हातवारे करून सांगत होते. शेवटी म्हणाले, "अप्पा, उद्या कट्ट्यावर जा. आता काढा ते मोजे. बाळासो पाया पडेल तुमच्या."

अप्पांनी मोजे काढले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "त्या विठाबाईला कोण बोललं का?"

"मी बघितलं नाही."

"बघायला पायजे हुतं."

धोंडुबाईंच्या घरातून कुकरची शिट्टी झाली.

"पमे, अण्णानं चोरलं, ते खरं," ते म्हणाले. "पर त्येच्या टेबलावर नेऊन कुणी ठिवलं?"

मी म्हणाले, "नमुना द्यायचा होता अप्पा. चार दिवसांत. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं."

"तुला टायफॉइड झालता. डॉक्टर म्हणालेला, पोरगी जगंल का सांगता येत न्हाय. तुला झोप लागावी म्हणून सांगितलं मी ते. तुझ्या आईला बी कधी सांगितलं नव्हतं. मला एकदा इचारायचं तरी हुतंस."

दोन हजार माणसांसमोर माईकवर तोंड उघडणारी मी, त्या खाटेसमोर नुसती उभी राहिले. अण्णांवर उगवलेल्या सुडाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्या प्रकरणावर पहिला हात माझा पडला होता, आणि गेलं दीड वर्ष मी सगळा राग दुसऱ्याच्या पायावर रोखून ते स्वतःपासून लपवलं होतं.

अण्णांनी पुस्तक गुपचूप मागे घेतलं. बाळासो स्वतः येऊन अप्पांना कट्ट्यावर घेऊन गेले, आणि अप्पा पुन्हा रोज जायला लागले. कार्यक्रमाची कामं मात्र मला वर्षभर कुणी दिली नाहीत. मग हळूहळू फोन येऊ लागले. कुणी नमुना मागितला की मी आता सरळ नाही म्हणते.

टायफॉइडच्या त्या एकवीस दिवसांत गोष्ट सातवीपर्यंतच आली होती. पुढे काय झालं, वाडी कशी सुटली, ते कोल्हापूरला कसे आले, हे मी दोनतीनदा अप्पांना विचारून पाहिलं. ते म्हणतात, "आठवत न्हाय." कट्ट्यावर मात्र, बाळासो सांगतात, ते तासन्‌तास सांगत बसतात.